रकान्यातले ऐंशी

आमच्या गेमला पहिली शिवी मिळाली ती प्रसिद्ध केल्यावर तासाभरातच. इंग्रजीत होती, पण शिवी कुठल्याही भाषेत कळते. पुढं लिहिलं होतं की चित्रं सुंदर आहेत, गोष्टही बरी आहे, पण हे घड्याळ कुठल्या गाढवानं बसवलं?

ते गाढव मी.

घड्याळ हाच माझा धंदा आहे. नगरच्या नागापूर एमआयडीसीत पंपाचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सतरा वर्षं लोकांचा वेळ मोजतो. हातात स्टॉपवॉच, बगलेत पॅड. कामगाराच्या मागं जरा तिरकं उभं राहायचं आणि एक नग जोडायला त्याला किती सेकंद लागतात ते लिहून घ्यायचं. त्यावरून दिवसाचा आकडा ठरतो: एका पाळीत इतके नग झालेच पाहिजेत. शॉपमध्ये, म्हणजे नग जोडतात त्या शेडमध्ये, मला नावानं कोणी ओळखत नाही, पाठीमागं सगळे 'घड्याळ' म्हणतात. 'घड्याळ आलं रे' अशी हाळी एका टोकाला उठली की दुसऱ्या टोकापर्यंतचे हात मंदावतात. मी मोजत असताना हळू काम केलं तर आकडा सैल ठरतो आणि पुढचं वर्ष सुखात जातं. याला आमच्याकडं हात आखडणं म्हणतात. ते आखडतात हे मला माहीत आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत.

त्यावर उतारा म्हणून आमच्या कागदात एक रकाना असतो. समोरचा माणूस त्याच्या खऱ्या चालीनं काम करतोय असं वाटलं तर तिथं शंभर लिहायचे. आखडतोय असं वाटलं तर कमी. म्हणजे पन्नास सेकंद लागले आणि मी रकान्यात ऐंशी लिहिले, की आकडा चाळीस सेकंदांवर ठरतो. कोणी जिवाच्या आकांतानं करत असेल तर शंभराच्या वरही लिहिता येतं, असं पुस्तकात आहे. मी कधी लिहिलं नाही. मी ऐंशी लिहितो. पहिली दोन वर्षं विचार करून लिहायचो, नंतर हाताला सवयच झाली.

गेमचं खूळ मुळात माझ्या मित्राचं. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. आता तो संगमनेरपलीकडच्या अकोल्याच्या पुढं, डोंगरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रं त्याची, प्रोग्रॅमिंग माझं आणि गोष्ट दोघांनी भांडून ठरवलेली. तीन वर्षांचे रविवार त्यात गेले. बायको म्हणायची, ''तुम्ही दारू पीत असतात तर चार लोकांना सांगता तरी आलं असतं. हे काय सांगू?''

गोष्ट अशी आहे. दूरच्या एका ग्रहावर पाण्याचं एक केंद्र आहे. तिथून खालच्या वस्तीला जाणारं पाणी अचानक बंद पडलंय. दुरुस्ती करणारी एक बाई एकटीच तिथं उतरते. केंद्रात माणूस नाही. खोल्या आहेत, यंत्रं आहेत, आधीच्या लोकांनी मागं ठेवलेली पत्रं आहेत आणि मधोमध एक काचघर आहे, तिथं त्या लोकांनी लावलेली झाडं अजून जगली आहेत. पत्रं वाचत, वस्तू जोडत, पंप का थांबला ते शोधायचं. बाईजवळ हवा आहे अट्ठेचाळीस मिनिटांची. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतं. शून्यावर आलं की बाई गुडघे टेकते, पडदा काळा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे अट्ठेचाळीस कुठून आले ते सांगतो. पण आधी शिव्या.

एकानं लिहिलं, दिवसभर ऑफिसात घड्याळाकडं बघतो, म्हणून घरी येऊन दुसऱ्या ग्रहावर गेलो, तर तिथंही साहेब उभाच. एकाचं कुत्रं भुंकलं म्हणून तो दार उघडायला गेला आणि परत येऊन बघतो तर बाई मेलेली. कारण गेम थांबवली तरी घड्याळ थांबणार नाही अशी तजवीज मी करून ठेवली होती. शॉपमध्ये कोणी पाणी प्यायला उठलं म्हणून मी स्टॉपवॉच थांबवत नाही, तोच न्याय इथं लावला. काही जणांनी आपल्या कॉम्प्युटरचंच घड्याळ मागं सरकवून पाहिलं. ते चालत नाही म्हटल्यावर आणखी चिडले. एका पठ्ठ्यानं मात्र प्रत्येक पायरीची यादी केली, कुठल्या खोलीत किती सेकंद थांबायचं, कुठलं पत्र न वाचताच टाकायचं, आणि एकतीस मिनिटांत सगळा खेळ संपवून ती यादी लोकांसाठी खुली केली. तो माझा माणूस. त्याला मी लगेच शाबासकी लिहिली. त्याच दिवशी मित्राचा फोन आला.

''अरे, त्यानं एकही चित्र बघितलं नाही, आणि तू त्याची पाठ थोपटतोस?''

''त्यानं खेळ पूर्ण केला,'' मी म्हणालो.

''पूर्ण केला की उरकला?''

मी फोन ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला.

आणि एक बाई होत्या. कुठल्या देशातल्या ते माहीत नाही. त्यांनी शिवी दिली नाही. माझी बोटं संधिवातानं आखडतात, माउस हळू चालतो, काचघराच्या पुढं मला जाताच येत नाही, घड्याळ बंद करायची काही सोय कराल का, असं त्यांनी विचारलं होतं. मी एका ओळीचं उत्तर दिलं: वेळ हाच या खेळाचा प्राण आहे. पाठवलं आणि जेवायला बसलो. त्या ओळीची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. उलट वाक्य चांगलं जमलंय असं वाटलं होतं.

दिवसा घड्याळ म्हणून शिव्या आणि संध्याकाळी घड्याळ बसवलं म्हणून शिव्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी सगळं वाचायचो. वाचायला नको असं रोज ठरवायचो आणि चहा पिता पिता पुन्हा उघडायचो. तीन-चार आठवड्यांत मी असा थकलो की जिन्यावर मध्येच थांबायला लागलो. दुखत काही नव्हतं. नुसतं वर जाऊन काय करायचं ते सुचायचं नाही.

मित्राचं दुखणं वेगळं होतं. ते काचघर त्याचं होतं. तीन महिने तो ती एकच खोली काढत होता. शाळा सुटली की डोंगरात जाऊन पानं आणायचा, वह्यांत दाबून ठेवायचा. कारवी, भारंगी, रानहळद, काचेवर चढलेला वेल, एकेक शिर त्यानं स्वतः काढलेली. खेळाडू कुठल्या खोलीत किती वेळ थांबला याची नोंद गेम ठेवते, ती सोयही माझीच. काचघरात लोक सरासरी नऊ सेकंद थांबत होते. मी त्याला तो आकडा सांगायला नको होता, पण सांगितला. आकडा लपवून ठेवायची मला सवय नाही.

तो म्हणाला, ''कारवी सात वर्षांनी फुलते. तुझ्या माणसांना नऊ सेकंद.'' आणि मग, ''तू तुझं शॉप उचलून आभाळात नेऊन ठेवलंस, बाकी काही केलं नाहीस.''

त्यानंतरच्या रविवारी त्याचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

आता ते अट्ठेचाळीस. गेम तयार होत आली तेव्हा तिच्यात घड्याळ नव्हतं, कारण किती वेळ द्यायचा हेच ठरलेलं नव्हतं. ते ठरवायला मी आमच्या शॉपमधल्या चौघांना घरी बोलावलं. गेम मराठीतही होती, त्यामुळं अडचण नव्हती. चार रविवारी चार जण सावेडीला माझ्या फ्लॅटवर आले. बायकोनं पोहे केले, चहा केला, मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि स्वतः मागं तिरका बसलो, हातात स्टॉपवॉच. चौघांनाही तासाभराच्या आसपास लागला. कोणाला चार-पाच मिनिटं जास्त, कोणाला कमी. मला हसूच आलं. लेकाचे इथंही हात आखडतात! मागं घड्याळ बसलंय म्हटल्यावर त्यांना वाटलं असणार, साहेब काहीतरी ठरवतोय, कशाला उगाच घाई करा. मी कागद घेतला. साठ मिनिटं, रकान्यात ऐंशी, आले अट्ठेचाळीस. तो आकडा गेममध्ये बसवला. पाच मिनिटांचं काम.

त्या चौघांत एक मावशी होत्या. सगळं शॉप त्यांना मावशीच म्हणतं. पन्नाशी उलटलेली, माहेर कर्जतकडचं, राहायला नागापुरातच. व्हॉल्व्हमध्ये रबरी सील बसवून तीन स्क्रू आवळायचे, हे त्यांचं काम. टेबलाशी खुर्चीवर बसून करायचं. बारा वर्षं तेच टेबल, तीच खुर्ची, खुर्चीवर घरून आणलेली उशी. चौदा एप्रिलची रजा त्या फेब्रुवारीतच सांगून ठेवतात. त्याखेरीज कशासाठी माझ्या दारात आल्याचं मला आठवत नाही.

गेम बाहेर पडली त्याच महिन्यात शॉपमध्ये नव्या मापाचा व्हॉल्व्ह आला आणि मावशींच्या टेबलाचा आकडा नव्यानं ठरवायची वेळ आली. मी उभा राहिलो. एका नगाला पन्नास सेकंद. रकान्यात ऐंशी. ठरले चाळीस. सही करून कागद पाठवून दिला. त्यानंतर तीन महिने मावशींचा आकडा एकदाही पुरा झाला नाही. सुपरवायझरनं त्यांना सांगून टाकलं, असंच चाललं तर नव्या वर्षापासून पॅकिंगला. पॅकिंग म्हणजे दिवसभर उभं राहायचं आणि खोकी उचलायची. मावशींचे गुडघे गेलेले, कंपनीच्या गेटपासून शॉपपर्यंत येताना त्या दोनदा थांबतात. पॅकिंगला पाठवलेलं त्या वयाचं माणूस दोन-तीन महिन्यांत आपणहून घरी बसतं, हे शॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. खुर्ची गेली की काम गेलं. हे मावशींना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मला वाटत होतं की हा त्यांच्या हातातलाच प्रश्न आहे. आखडलेला हात जरा सोडला की सुटेल.

एका दुपारी कॅन्टीनमध्ये मी डबा खात होतो. मावशी ताटली घेऊन समोर येऊन बसल्या. आकड्याचं काही काढतील म्हणून मी आधीच तोंड कडू केलं होतं. त्यांनी ते काढलंच नाही.

''सायेब, ती तुमची पान्याची गोष्ट कशी काय चाललीय?''

''लोक शिव्या घालतात, मावशी. वेळ पुरत नाही म्हणतात.''

''मंग? किती ठिवलाय येळ?''

''अट्ठेचाळीस मिनिटं.''

''आन मला किती लागला हुता?''

''एक तास पाच मिनिटं.''

''मंग मी मेलेच की वो तिकडं!'' त्या हसल्या.

मीही हसलो. म्हणालो, ''तुम्ही हात आखडून खेळलात. मला काय कळत नाही?''

मावशींनी भाकरी खाली ठेवली. ''आखडून? आन ते कशापायी? सुट्टीचा दिस, वैनींनी पोहं दिल्यालं, पाठ टेकून बसल्याली मी. तिथं कोन माजं नग मोजनार हुतं? मी झाडं बघत हुते, सायेब. ती येल न्हाई का काचंवर चढल्याली? आमच्या आईच्या दाराला अशीच हुती. आन ते पत्र, त्या मानसानं पोरीला लिवलेलं. दोनदा वाचलं मी ते. मला वाचायला येळ लागतो. एवढं मरमर करून लिवून ठिवलंय त्यानं, ते बघावं का नगं मानसानं?''

ते पत्र मी लिहिलं होतं. तीन वर्षांत ते कोणी दोनदा वाचल्याचं मला पहिल्यांदाच कळत होतं, आणि ज्यांनी वाचलं त्यांना मी आळशी ठरवून त्यांच्या वेळातून बारा मिनिटं छाटून टाकली होती. ते आखडत नव्हते. त्यांना आवडत होतं.

मग मी विचारू नये ते विचारलं. ''आणि टेबलावर, मावशी? तिथंही नाही आखडत?''

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणला. ''आदी करायचे. सगळीच करत्यात, तुमास्नी ठावं हाय. दोन-तीन सालापासनं न्हाई. आता हीच माजी चाल हाय. ह्याच्या म्होरं हात पळतच न्हाईत.''

एवढं बोलल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. आपण हे कोणाला सांगितलं ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. हळू करते असं म्हणणं शॉपमध्ये चालतं, त्यात लबाडी असते आणि लबाडीला मान असतो. याहून जोरात होतच नाही असं कोणी म्हणत नाही, आणि घड्याळाला तर नाहीच. ''कुनाला सांगू नगा, सायेब,'' म्हणाल्या आणि अर्धी भाकरी तशीच ताटलीत घेऊन उठून गेल्या.

त्या रविवारी मी अकोल्याला गेलो. नगरहून संगमनेर, संगमनेरहून अकोले आणि पुढं जीपमध्ये बारा माणसांत तेरावा. मित्राच्या दारात भाताचा पेंढा रचला होता. तो मला बघून 'ये' म्हणाला, त्यापलीकडं काही नाही. मी त्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणालो, ''घड्याळ काढतो.''

''का? शिव्यांना भ्यालास?''

मी त्याला मावशींचं सांगितलं. वेलाचं सांगितलं तेव्हा त्यानं मान वर केली. ''आईच्या दाराला? मग ती गारवेल असणार,'' म्हणाला. ''मी तीच काढलीय.'' आणि चहा ठेवायला आत गेला.

घड्याळ काढायला एक दुपार लागली. कोपऱ्यातले आकडे गेले, हवा संपायची ती बंद झाली, बाई गुडघे टेकायची थांबली. चारच्या सुमाराला आम्ही नवी आवृत्ती चढवली आणि ओसरीवर बसून राहिलो. समोरच्या डोंगरावर ऊन पिवळं पडत होतं. तो म्हणाला, ''तुला बरं वाटत नाहीये.'' मी म्हणालो, थकलोय. तो म्हणाला, ''ते दिसतंय. दुसरं काहीतरी आहे.'' दुसरं होतं ते शॉपमध्ये होतं, आणि ते लॅपटॉपवरून पुसता येणारं नव्हतं.

लोकांचं म्हणाल तर काहींनी मनापासून आभार मानले. काहींनी नव्या शिव्या घातल्या: आता कशालाच धार राहिली नाही, हवेची भीतीच नाही तर खेळायचं कशाला? ज्यानं कुत्र्याची तक्रार केली होती तोच आता लिहीत होता की आधीचंच बरं होतं. म्हटलं, घाला बाबांनो. काचघराचा आकडा नऊ सेकंदांवरून सहा मिनिटांवर गेला. तो मी मित्राला कळवला. त्याचं उत्तर एका शब्दाचं आलं, 'बरं.' पण पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. संधिवाताच्या बाईंना मी दोनदा लिहिलं, घड्याळ काढलंय, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. उत्तर आलं नाही. त्या निघून गेल्या असाव्यात.

अकोल्याहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, मावशींच्या टेबलाचा आकडा पुन्हा मोजायचाय.

''कोणाची तक्रार आहे?''

''कोणाची नाही. माझा आकडा चुकला असेल.''

''सतरा वर्षांत पहिल्यांदाच?'' त्यानं चष्म्यावरून पाहिलं. ''मोज. पण नवं वर्ष लागायच्या आत काय ते संपव.''

मी स्टॉपवॉच घेऊन मावशींच्या टेबलाशी गेलो. हाळी उठली, आजूबाजूचे हात मंदावले. मावशींनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांच्या नजरेत काय आलं ते मला लगेच कळलं. कॅन्टीनमध्ये मला विश्वासानं सांगितलं त्याला आठवडाही झाला नव्हता, आणि आज मी घड्याळ घेऊन समोर. त्यांना वाटलं, मी वर सांगितलं असणार. आता मोजून सिद्ध करायला आलोय.

मी वाकून हळूच म्हणालो, ''मावशी, सावकाश करा. रोज करता तसंच.''

वेळ मोजणाऱ्यानं सावकाश करा म्हणावं याच्याइतका उघडा सापळा शॉपमध्ये दुसरा नसेल. मावशींनी ओठ आवळले, पदर खोचला आणि सुरू झाल्या. मी सतरा वर्षांत तसे हात पाहिले नव्हते. सील बसतंय न बसतंय तोवर स्क्रू, एक आवळतोय तोवर दुसरा बोटांत. एक स्क्रू निसटला तो त्यांनी खाली पडायच्या आत हवेत धरला. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायला त्या थांबल्या नाहीत. शेजारच्या टेबलावरची बाई आखडायचं विसरून बघत राहिली. मला मध्येच म्हणावंसं वाटत होतं, थांबा, पुरे. पण तेही काय म्हणून ऐकलं असतं त्यांनी? दहा नग झाले. प्रत्येक चाळीस सेकंदांत. एकही एकेचाळीसवर गेला नाही.

''बसलं का, सायेब?'' त्यांना धाप लागली होती. ''चाळीसच हाय न्हवं?'' हात त्यांनी टेबलाखाली नेले होते. मला दिसू नयेत म्हणून.

''बसलं,'' मी म्हणालो.

माझ्या टेबलाशी येऊन कागद समोर घेतला. चाळीस सेकंद, दहा वेळा. सुंभ जळतो पण पीळ जात नाही. माझा हात आपोआप रकान्याकडं गेला आणि ऐंशीतला आठ लिहून मोकळा झाला. ऐंशी लिहिले तर आकडा होतो बत्तीस. शंभर लिहिले तर चाळीसच राहतो आणि मावशींची खुर्ची जाते. त्यांना न्याय द्यायला गेलो आणि त्यांनी भीतीपोटी माझ्या जुन्या चुकीवर स्वतःच्या हातानं शिक्का मारला. मी पेन खाली ठेवलं. मला माझ्या कामाची शिसारी आली होती, आणि त्याहून जास्त माझी. मग मी तो आठ खोडला आणि त्या रकान्यात एकशे पंचवीस लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा शंभराच्या वर. चाळीसचे पन्नास झाले.

मॅनेजरनं कागद दोनदा वाचला. ''सव्वाशे? ह्या बाईंना?''

''होय.''

''मग एवढ्या जोरात करता येतं तर रोज का नाही करत?''

''साहेब, एस्टी सुटत असली की तुम्हीपण पळता. म्हणून रोज घरापासून पळत येता का?''

तो हसला नाही. माझ्यामागच्या कपाटाकडं बघत होता. त्यात सतरा वर्षांचे कागद आहेत, सगळ्यांच्या रकान्यात ऐंशी. ''ह्या जुन्या कागदांचं आपण काही बोललो नाही,'' म्हणाला आणि सही केली.

सुपरवायझरनं मावशींना सांगितलं की खुर्ची राहिली. बोर्डावर नवा आकडा लागला. मला वाटलं होतं त्या येतील, काहीतरी बोलतील, निदान हसतील. आल्या नाहीत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. आकडा सैल झाला म्हणजे पुढं काय येणार, हे त्या शोधत असाव्यात.

दोन दिवसांनी मी शॉपमधून माझ्या टेबलाकडं निघालो होतो. स्टॉपवॉच जवळ नव्हतं, पॅड नव्हतं. बाकी सगळ्यांचे हात नेहमीसारखे मंदावले. मावशींनी मला येताना पाहिलं आणि त्यांचे हात वाढले. पन्नासच्या चालीवरून एकदम चाळीसवर, त्याच्याही खाली. मी थांबलो. दोन्ही हात वर करून रिकामे दाखवले. त्यांनी मान आणखी खाली घातली आणि आणखी जोरात करायला लागल्या.

तेव्हापासून मोजायचं काम नसेल तर मी शॉपमधून जात नाही. मागच्या दारानं बाहेर पडतो आणि भंगाराच्या ढिगाला वळसा घालून माझ्या टेबलाशी येतो. चार मिनिटं जास्त लागतात.